डाव्या डोळ्याखालची रेघ

हॅलो? …हॅलो, काकू? हो, मीच. बोल ना.

नाही गं, झोपले कुठली, टेबलाशीच बसलेय. …खाल्लं. म्हणजे, चहा झाला. दुसरा समोर गार होऊन पडलाय, वर साय आलीय.

तू कशी आहेस? …हो. …हो, काल तुझ्याकडून लवकर निघाले. राग कसला गं? सर गेले म्हणून सगळे रडत होते, आणि माझे डोळे कोरडे ठणठणीत. आत काही हलतच नाहीये. नुसती कप विसळत उभी राहिले.

हो, सरांच्या चित्रकथेतलाच हिरो काढतेय. संपादकांना संध्याकाळच्या आत मुखपृष्ठ हवंय, अंक आजच छापायला जातो. …झालंय की. मफलर झाला, विस्कटलेले केस झाले, पडलेला दात झाला. मारामारीआधी वाकून बुटाची नाडी बांधायचा ना, तसाच वाकलाय. फक्त डोळे राहिलेत.

अगं काकू, ऐक ना… इतकी वर्षं तुमच्या घरी बसून मी सरांच्या चित्रांत केस भरले, नाड्या काढल्या. डोळ्यांना हात लावायची कुणाची टाप होती का? ‘डोळे माझे!’ आठवतं ना? कोऱ्या डोळ्यांचं पान त्यांच्यापुढे ठेवायचं आणि चालू पडायचं.

काढले की! कितीदा काढले. दरवेळी माझ्या स्वतःच्या चित्रकथेतला हिरोच बघतो माझ्याकडे. …हो ना. त्याची नाडी सरांच्या हिरोची उचलली, हरल्यावरचं हसूही त्याचंच. मंगाच्या चित्रकथा वाचणारी पोरं म्हणतात, हा त्याचा धाकटा भाऊ. डोळे तेवढे माझे, कारण ते मला कुणी शिकवलेच नाहीत.

जमणार नाही म्हणून कळवते संपादकांना. …अगं, पण सरांच्या पोराला परके डोळे लावून पाठवू?

काय सापडलं? …सरांनी काढलेलं त्यांच्या हिरोचं चित्र? …दवाखान्याच्या पिशवीत? …नाही, मला नाही दाखवलं त्यांनी.

थांब, थांब. डोळे काढलेत? …नीट बघ, चष्मा लाव. …लावलायस. बरं. …डाव्या डोळ्याखाली काय? …रेघ? औषधाचा डाग नाही ना? …आणि उजव्याखाली? …नाही. फक्त डाव्या.

काकू… ती माझी रेघ आहे. माझ्या हिरोच्या पहिल्याच अंकात टाक घसरला होता माझा. सर केवढे ओरडले, ‘आधी ती घाण पूस!’ मी हट्टाने ठेवली. अजून दर अंकात काढते.

…हो. …हो गं, मुद्दामच काढलीय. त्यांचा टाक कधी घसरलाय का?

…नाही, रडत नाहीये. अजून नाही येत. …आहे, फोनवरच आहे. एका हाताने काढतेय. …डावा झाला. …हो, रेघसुद्धा. ठेव तू आता, काकू. मला दोन्ही हात लागतील.