ढील दे रं!

आमच्या कुंडलच्या काकांनी विजूचं लग्न कसं जमवलं, ते ऐका. नागपंचमीला बापलेक स्लॅबवर पतंग उडवत होते. दोरी विजूच्या हातात. तेवढ्यात पाटणहून मुलीच्या वडिलांचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकून खिशात ठेवला.

"पावणं, पोरगी लग्नानंतर बी साताऱ्याची नोकरी सोडायची न्हाई म्हनती. तुमचं काय म्हननं?"

नेमका तेव्हाच शेजारच्या पतंगाशी पेच लागला. काकांचं लक्ष आभाळात. ते विजूवर ओरडले, "ढील दे रं! वढू नगंस, तुटंल!"

पलीकडं ते नीट ऐकू गेलं. मग, "लय मोठ्या मनाचं हायसा तुमी," म्हणून फोन बंद.

काकूला तर सून घरातच हवी होती. साखरपुड्याला व्याह्यांनी माइक हातात घेतला आणि काकांनी पोराला काय बजावलं, ते सगळ्यांना शब्दन्‌शब्द ऐकवलं. टाळ्या पडल्या.

काकूनं हळूच विचारलं, "आवं, खरंच असं म्हनलासा?"

काका म्हणाले, "म्हनलो की. पर तवा दोरी पोराच्या हातात हुती."