ट्रॅक्टरसाठी सजवलेलं ताट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गोदातीर पतसंस्थेचे चेअरमन आदरणीय काकासाहेब, व्यासपीठावरील संचालक मंडळ, बदली होऊन श्रीगोंद्याला निघालेल्या आपल्या शाखाधिकारी अश्विनीताई, आणि समोर बसलेल्या पुणतांब्याच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी भागिरथी, कैलासवासी पुंजाराम यांची पत्नी. मला बोलायची सवय नाही. मघाशी पायऱ्या चढताना काकासाहेब हळूच म्हणाले, "वहिनी, ताईंचं कौतुक करा, पण त्या ट्रॅक्टरचं तेवढं काढू नका." काकासाहेब, तुमचा मान राखून सांगते, ट्रॅक्टर सोडून ताईंचं कौतुक मला करता येणार नाही.

गेल्या वर्षी यात्रेत अवजारांच्या एका स्टॉलवर आमच्या मालकांनी सोडतीचं कूपन भरलं. नाव, गाव, मोबाईल नंबर. आपण सगळेच भरतो, नाही का? पुढे फोन आला, "अभिनंदन काका, तुम्हाला ट्रॅक्टर लागला." माणूस आपल्यासारखंच मराठी बोलत होता, अदबीनं बोलत होता. आणि कूपन तर खरंच भरलेलं. मग खोटं कसं वाटावं? नोंदणीचे पैसे भरा म्हणाला, भरले. विम्याचे भरा म्हणाला, तेही भरले. दर वेळी एकच ताकीद, "ट्रॅक्टर दारात येईपर्यंत कुणाला सांगू नका. लोक आडवे येतात."

पण उद्या ट्रॅक्टर येतोय म्हटल्यावर यांना राहवेना. सगळी गल्ली बोलावली. चाकाखाली ठेवायला लिंबं आणली, नारळ आणला. झेंडूचा हार ट्रॅक्टरच्या तोंडाच्या मापानं ओवून घेतला. मी औक्षणाचं ताट केलं. आणि दुसऱ्या दिवशी सगळे वाट बघत असताना फोन आला, गाडी कोपरगावला अडवली आहे, कराचे पैसे ताबडतोब भरा.

हे तसेच पतसंस्थेत गेले. मी मागोमाग.

ताईंनी विचारलं, "काका, कर सरकारकडे भरायचा असतो. हे खातं तर कुणा माणसाच्या नावाचं आहे. कोण आहे हा?"

"असंल त्यांचा सायेब. तू पैसे पाठव."

ताईंनी स्टॉलवाल्या दुकानाला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "आमच्या सोडतीत मिक्सर होता. ट्रॅक्टर कुठला?"

तरी हे ऐकेनात. "माजा पैसा हाय. तू कोन अडवनार?"

"तुमचाच आहे काका, म्हणून तर अडवतेय."

तेवढ्यात त्या माणसाचा फोन आला. ताईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि म्हणाल्या, "पैसे मिळणार नाहीत." त्यावर त्या अदबीच्या माणसानं ज्या शिव्या दिल्या, त्या मी या व्यासपीठावरून सांगू शकत नाही. ह्यांनी पासबुक खिशात घातलं.

ताईंनी तिथल्या तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर तक्रार करा म्हणून विनवलं. लवकर कळवलं तर कधी कधी पैसे थांबवता येतात म्हणाल्या. हे तयार होईनात. "आनखी गावभर कशाला?"

गावभर तर झालंच होतं. "पुंजाराम, ट्रॅक्टर कुठं लावला रे? दिसत न्हाई!" असं विचारणारे आज या सभागृहात आहेत. मी नावं घेत नाही. ह्यांनी पारावर जाणं सोडलं. मग घराबाहेर जाणंच सोडलं. थंडीत गेले. डॉक्टरांनी हृदयाचा झटका लिहिला, मी त्यावर वाद घालत नाही.

दहाव्याला नातेवाईक म्हणाले, "आता हे कुणाला सांगू नका." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्या चोरानंही हेच सांगितलं होतं. त्याचं ऐकून आमचे पैसे गेले. तुमचं मी का ऐकावं? माझ्या मालकांनी चोरी केली नाही. त्यांची चोरी झाली. मान खाली त्यांनी का घालायची?

आज हे काढलं त्याला कारण आहे. आमच्या गल्लीत पुन्हा फोन आला आहे. या वेळी मोटारसायकल लागली आहे. तो घरधनी इथे बसला आहे, आणि उद्या पैसे भरणार आहे. उद्या खिडकीत अश्विनीताई नसतील. बाबा रे, तुझं नाव मी सांगणार नाही. पण बक्षीस देणारा आधी पैसे मागत नाही, घाई करत नाही, घरच्यांपासून लपवायला सांगत नाही. उद्या आधी माझ्या दारात ये. त्याचा फोन मी घेते. शिव्या मी ऐकून घेईन, मला आता सवय आहे.

ताई, ते ताट मी आज आणलं आहे. त्या दिवसापासून ते फळीवरच होतं. विधवेनं ओवाळू नये, असं इथं कुणाला वाटत असेल तर आत्ता उठून सांगावं.

कुणी नाही? मग ताई, पुढे या.

संस्थेनं मला बोलावलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. काही कमी-जास्त बोलले असेन तर पोटात घाला. पण बोलले, याची माफी मी मागत नाही.