कोठीवरचा फोन

…नाही नाही, तुम्हीच सांगा, अडुसष्ट वर्षांच्या माणसाने फेब्रुवारी महिन्यात, उणे अठ्ठावीस थंडीत, गव्हाच्या पत्र्याच्या कोठीवर तीस फूट शिडी चढून जायचं, कशासाठी? फोन घ्यायला! जो जुना मोबाइल चौदा वर्षं आमच्या स्वयंपाकघरात, ब्रेडच्या डब्याशेजारी बिनतक्रार वाजत होता! पण नाही, कंपनीने जुनं नेटवर्कच बंद करून टाकलं. का? तर भविष्य आलंय म्हणे!

तुम्हाला सांगतो, माझं भविष्याशी काही वैर नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी घरातला तारेचा फोन मीच काढायला लावला! डार्लीन, म्हणजे माझी बायको, सांगत होती, "राहू दे रे ओरेस्ट, तो काय खायला मागतोय?" तर मी शहाणा म्हणतो, तारा-बिरा गेल्या आता, आता सगळं हवेतून! गाढव! मी हो, दुसरं कोण!

आणि कंपनीने नेटवर्क बंद केलं कधी, तर डार्लीन तीन वर्षं किडनीच्या यादीत असताना! आठवड्यातून तीनदा दीड-दीड तास गाडी हाकत डायलिसिसला जायचं, सास्काटून शहरातल्या दवाखान्याने बजावून ठेवलेलं, किडनी मिळाली की फोन करू, आणि तासाभरात उचलला नाहीत तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला. तास! आणि या लोकांनी आम्हाला पाठवला काय, तर नवा काचेचा फोन… चेहरा ओळखतो, घोरणं मोजतो, चाललेली पावलं सांगतो, फक्त वाजत नाही! घरात रेंज नाही, अंगणात नाही, गोठ्यात नाही. कुठे आहे? कोठीच्या टपावर. तीही रेंजची एकच दांडी!

कंपनीला फोन लावला, कोठीवरूनच, दुसरीकडून लागतोय कुठे! कायली नावाची एक गोड पोरगी. "सर, आपल्या भागात आमची सेवा उत्तम आहे." म्हटलं, बाई, नाहीये. "सर, नकाशात आपलं गाव पूर्ण जांभळं आहे." अगं, इथे थंडीने मीसुद्धा पूर्ण जांभळा झालोय! "सर, पुढच्या पिढीचं नेटवर्क येतंय ना, सरळ उपग्रहावरून, टॉवरच लागणार नाही!" कधी? "लवकरच, सर." अगं, माझी बायको याच पिढीतली आहे, तिचं काय करू? तर तिने गाणं लावून दिलं. भविष्य आलंय म्हणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या क्लबात, बोंब मारली. तिथे आम्ही पाच-सहा म्हातारे रोज कॉफीला बसतो, चाळीस वर्षं एकाच टेबलाशी, एकमेकांची निंदा करत. माझ्या शेजारचा लॉईड, शेजारचा म्हणजे चार मैलांवरचा, त्याने कागदी रुमाल ओढला आणि कोठीवर फोनपाशी बसायच्या पाळ्या लिहायला लागला… सहा ते आठ लॉईड, आठ ते दहा वासिल… अरे, वासिलचा गुडघा गेल्या वर्षी बदललाय! म्हटलं, वासिल, पडलास तर? तर म्हणतो, "खाली बर्फ आहे, तू गप बस." झालं! कोठीवर खुर्ची बांधली, दोरीला बादली लावली, आणि त्या बादलीतून डार्लीन या लोकांना गरम गरम पेरोगी, बटाटा भरून उकडलेल्या करंज्याच त्या, वर पाठवायची, जिला स्वतःला बटाट्याची बंदी! अकरा दिवस चाललं हे. बघून मला रडू यायचं, आणि आसवं गालावरच गोठायची! धड रडायचीसुद्धा सोय ठेवली नाही मेल्यांनी!

बाराव्या दिवशी दुपारची पाळी माझी, आणि माझं डोकं फिरलेलं. म्हटलं, बसलोच आहे तर आज कंपनीच्या साहेबाला धरतो आणि चांगला सोलतो! लावला फोन. सेहेचाळीस मिनिटं तेच गाणं… आणि आवाज आला, "आपण रांगेत पहिले आहात." तेवढ्यात खाली तीन ट्रक! हॉर्न काय वाजवतायत, वासिल हात काय हलवतोय, आणि मी… काय सांगू तुम्हाला… मी वरून ओरडतोय, "गप बसा रे! आता साहेब बोलणार आहे!"

दवाखान्याने मला दोनदा फोन लावला होता हो! दोन्ही वेळा लाइन गुंतलेली! कोणी गुंतवलेली? मी! मग त्यांनी दुसरा नंबर लावला, कर्लिंग क्लबच्या भिंतीवरच्या काळ्या, तारेच्या फोनचा, म्हणून ते तीन ट्रक! तो डार्लीनने गुपचूप देऊन ठेवलेला. म्हटलं, मला सांगायचंस तरी! तर म्हणते, "तू भविष्यात रमला होतास." आणि हेसुद्धा तिने नंतर सांगितलं, कारण मी शिडी उतरेपर्यंत लॉईड तिला ट्रकात बसवून निघालासुद्धा होता. हात हलवायचा राहिला माझा.

किडनी बसली. चालतेय, देवाची कृपा. आता तीन महिने तिला सास्काटूनलाच राहायचंय, बहिणीकडे. रोज दुपारी चारला तिचा फोन, आणि रोज चारला मी कोठीवर! काल म्हटलं, चुलीत गेली ती कंपनी, सोडतो तिला, तारेचा फोन परत घेतो स्वयंपाकघरात. तर म्हणाली, "नको. स्वयंपाकघरात फोन होता तेव्हा 'हं, बरं, ठेवतो' याच्यापुढे कधी गेला नाहीस. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा अर्धा-अर्धा तास बोलतोयस माझ्याशी."

अहो, तीस फूट चढून आल्यावर दोन शब्द बोलून खाली कोण उतरेल?

…केला त्याच कंपनीशी करार. आणखी तीन वर्षांचा.