एकदाच इचारत्यात

— न्हाई, गिरनी बिघडली न्हाई, मीच बंद केली. तुमचं दळन होईल ज्योतीताई, डबा हितंच ऱ्हाऊ द्या, आधी मला एक फोन लावून द्या — विंग्रजीत बोलायचंय, जर्मनीला. आपल्या काष्टी गावात एवढं फाडफाड बोलनारं मला दुसरं कोन ठावं हाय? तुमी घरी बसून कंपनीच्या लोकांशी बोलता, मी ऐकलंय येताजाता. हा नंबर, कॅलेंडरवर. आमच्या राजनंदिनीनं जायच्या आधी लिवला — लई गरज पडली तरच लाव म्हनली. ती तिथं नर्सिंग शिकती, ज्या घरी ऱ्हाती त्या बाईचा नंबर हाय हा, मार्था नाव. साडेआठला कामाला जाती ती, आन तिथं आता आठ वाजले, साडेतीन तास मागं हाईत ते. लावा. न्हाई, थांबा, काय बोलायचं ते आधी ऐका.

लोकाच्या घरी कसं ऱ्हायचं ते मीच शिकवलं तिला, दुसरं कोन शिकवनार? त्यांच्या आधी उठायचं, आंथरून घडी करून ठेवायचं, पानी भसाभसा सोडायचं न्हाई. जेवायला वाढाया लागले की न्हाई म्हनायचं, ताटावर हात आडवा धरायचा — आपल्यात कसं, वाढनारी हात बाजूला सारती आन भाकरी टाकतीच. तर तिथं ही न्हाई म्हनली आन त्या बाईनं भांडं उचलून आत नेलं. रुसून न्हाई हो, चांगली हसून. पोरगी म्हनली, आई, हितं एकदाच इचारत्यात. मी हसले, ताई. हसले आन म्हनले, तरी भूक लागली म्हनू नको, हावरट म्हनतील. पुढं फोनवर तिच्या गळ्याची हाडं दिसाया लागली, तर मी तिला म्हनले, ओढनी घे, बापाला दिसंल.

आता काय झालं म्हनता? सांगते की. सोमवारी पोटात दुखाया लागलं तिच्या — उजवीकडं, खाली. ताप पन हुता. म्हनली, मार्थाबाईला सांगू का? आन मी — तुमी असं बघू नका माझ्याकडं — मी म्हनले, नको. जाऊन दोन महिने न्हाई झाले, लोकाच्या घरात आजारपन काढू नये. दार लावून पड, इचारलं तर बरी हाय म्हन. मंगळवारी बोलली, पन आवाजच निघंना. म्हनली, त्यांनी इचारलं आई, मी बरी हाय म्हनले. मला तवा बरं वाटलं. शहानी माझी बाय, म्हनलं. त्याच्यानंतर फोन न्हाई. काल दिवसभर वाजला, रातीपास्नं बंदच लागतोय. आज गुरुवार.

मालकांना, तिच्या बापाला? न्हाई सांगितलं. परीक्षा हाय म्हनून फोन न्हाई, असं सांगितलंय. मला लई भ्या वाटतंय, ताई. दार तिनं आतून लावलं आसंल, मी सांगितलं म्हनून. आन ती बाई त्याच दारासमोरनं येत-जात आसंल. तिची काय चूक? तिनं इचारलं हुतं की. परत कशाला इचारंल?

तर तिला म्हनावं, पोरीचं ऐकू नका. ती आतनं बरी हाय म्हनंल, तिच्या आईनंच शिकवलंय तिला तसं. तरी दार उघडा म्हनावं. सकाळी सकाळी तरास दिला म्हनून माफी मागा — नको, माफी नको, त्यात वेळ जाईल. दाराचंच सांगा. आन आतनं आवाजच न्हाई आला तर — ते नका बोलू. तोडा म्हनावं दार, एवढंच.

लागला? वाजतोय का? आवाज मोठा करा. आकडे समदे बरोबर दाबले ना —

उचलला. बोला, ताई. मी गप बसते.