दुभत्याची घागर

दूध सोसायटीच्या टँकरवर घरटी दोन घागरी पाणी मिळे. दुभत्या जनावरामागं एक जादा. रांगेत कडूबाईच्या पुढं वच्छलाबाईनं सोसायटीच्या आप्पांना अडवलं होतं.

"आप्पा, जावयासाठी कॉफीचं मशीन घ्यायचंय. एक नुसती काळी कॉफी काढतंय, दुसरं दुधाला फेसबी आणतंय. कोणतं घेऊ?"

"जावई कसली पितेत?"

"काळी."

"मग काळीचं घ्या की."

"पर मशीन पाणी लई पितंय. त्याला जादा घागर द्याल?"

"जनावर हाय का ते?"

"फेसवालं धरा की दुभत्यात."

आप्पांनी डोकं खाजवलं. "लाथ मारतंय का?"

"न्हाई बा."

"मग धरू."

"तर फेसवालंच घेते."

"अन् जावयाची काळी कॉफी?"

"जावई दिवाळीला येतेत, आप्पा. टँकर रोज येतोय."

कडूबाईनं घागर खाली ठेवली. "वच्छलाबाई, दुकान कुठं हाय गं?"