धूर नाही, फक्त पाणी

…नाही नाही, धूर नाही हो, अजिबात नाही, धुराबद्दल माझी काही तक्रारच नाही! तुम्हाला सांगतो, आमच्या स्टॉपवर हवा इतकी स्वच्छ आहे की डोंगरावर गेल्यासारखं वाटावं, आणि का नसेल? ती घाण करायला आधी बस यायला नको? बाकावर मी, शेजारी आमची ही, आणि समोर मोकळा रस्ता… बसा, घ्या श्वास.

जुनी बस होती ना, तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. खोकत यायची, काळं ओकत यायची, मागचं दार दोरीनं बांधलेलं, पण यायची हो! तिचा खोकला चौकातून ऐकू आला की आमची ही पायात चपला सरकवायची, इतका भरवसा. मग एक दिवस स्टेज बांधलं, भाषणं झाली, म्हातारीला भंगारात काढलं आणि तिच्या जागी आली ही पांढरीशुभ्र हायड्रोजनची बस. डेपोचे साहेब माइक धरून म्हणाले, “बंधुभगिनींनो, या बसमधून धूर नाही, फक्त पाणी!” टाळ्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

आता आमच्या हिचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस बससाठी एवढा का जीव टाकतोय. हिच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिलाय. एक दिवसाआड डायलिसिस. मशीन ठरलेल्या वेळेला मोकळं होतं आणि ठरलेल्या वेळेला दुसऱ्याचं होतं, उशीर झाला की तेवढं रक्त धुवायचं राहिलं. राहिलं की पाय सुजतात, छातीत पाणी भरतं, मग उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचं. टॅक्सी करा म्हणाल, तर पेन्शन आहे माझी, खजिना नाही. आणि पाणी? पाणी हिला मोजून. घोट घोट. बर्फाचा खडा तोंडात धरून दुपार काढते बिचारी. मी स्वतः पाणी बाथरूममध्ये जाऊन पितो, दार लावून, चोरून, एखाद्यानं दारू प्यावी तसं, कारण माझ्या गळ्याची हालचाल दिसली तरी हिचे डोळे तिथेच खिळतात. आणि बस कुठली मिळाली आम्हाला? धूर नाही, फक्त पाणी!

बरं, येत का नाही ही बस? ड्रायव्हरला विचारलं. पोरगा चांगला आहे, डेपोच्या फाटकाशी नुसता उभा असतो. “काका, मी काय करू? गॅसच नाही.” म्हटलं, अरे, हायड्रोजन म्हणे पाण्यातच असतो, आणि पाणी तर नळाला येतं? “पाण्यात असतो काका, पण तो काढायचा कारखाना तिकडे डोंगरापलीकडे. तिथून ट्रकनं येतो.” म्हटलं, ट्रक कशावर चालतो? त्यानं बुटांकडे पाहिलं. “डिझेलवर.”

बरं, ट्रक आला, तर तो गॅस दाबून बसमध्ये भरायचं यंत्र बंद. यंत्र चालू, तर बसमधला सेन्सर बोंबलतो. सेन्सर म्हणजे बसचं नाक हो! गॅस गळतोय असा नुसता संशय आला की गाडी जागच्या जागी ठप्प, आणि ते नाक इतकं नाजूक की एका बाईनं सेंट लावला होता म्हणून रुसलं, असं ड्रायव्हर शपथेवर सांगतो. नवं नाक मागवलंय. कुठून, ते कुणालाच नीट माहीत नाही.

पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, बस अगदीच बंद नाही. अधूनमधून धावते. कधी? तर पाहुणे आले की! दुसऱ्या गावांचे साहेब लोक बस बघायला येतात, त्या दिवशी नाक गप्प, यंत्र चालू, गॅस हजर. तेव्हापासून मी चौकशीच्या खिडकीवर ‘बस आहे का’ विचारायचं सोडूनच दिलं. मी विचारतो, “आज पाहुणे आहेत का?”

आणि एक दिवस, काय सांगू, डायलिसिस पण होतं आणि पाहुणेही होते! बस आली… आवाज नाही, खोकला नाही, दार आपलं आपण उघडलं. आत कॅमेरे. डेपोचे साहेब म्हणाले, “या आजी, या! बघा, खरे प्रवासी!” म्हणजे बाकीचे कोण होते देव जाणे. दोन स्टॉप गेलो आणि साहेबांनी बस थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं. मी घड्याळ दाखवलं. “दोन मिनिटं आजोबा, दोनच मिनिटं.” मग त्यांनी काचेचा ग्लास काढला, मागच्या नळीखाली धरला. टप… टप… टप… माझा जीव त्या थेंबांबरोबर खाली-वर, कारण तिकडे मशीनची वेळ चाललेली. शेवटी भरला. “शुद्ध पाणी! कोण पिणार?” पाहुण्यांना एकदम झाडं बघावीशी वाटली. कुणीतरी म्हणालं, साहेब, तुम्हीच घ्या. “मी? मी सकाळीच प्यायलोय… आजी, तुम्ही?”

म्हटलं, अहो साहेब, तिला पाणी चालत नाही. “अहो, चालत नाही काय, पाणीच तर आहे!” तोवर ग्लास हिच्या हातात. हिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरायला हवा होता. माझा हात उठलाच नाही. डोळे मिटून प्यायली हो ती, सगळा ग्लास, घटाघटा, थेंबसुद्धा ठेवला नाही. दुखणं लागल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता. टाळ्या पडल्या. मला रडू आलं, पण कॅमेरा तिच्यावर होता म्हणून निभावलं.

“कसं लागलं आजी?”

“कोमट आहे,” ही म्हणाली. “अजून आहे का?”

आणि मग? मग काय, सगळे बसले, बस हलली आणि नाकानं बोंब ठोकली. ठप्प! “उतरा, उतरा, लांब उभे राहा!” पाहुण्यांच्या गाड्या मागून येतच होत्या, शहाणी माणसं. साहेब त्यातल्याच एकीत शिरले, काच खाली करून म्हणाले, “थँक्यू हं आजी.” राहिलो ड्रायव्हर आणि आम्ही दोघं. ही रस्त्याच्या कडेला बसली, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. तेवढ्यात समोरून काळा धूर सोडत कोण यावं? हायड्रोजनचा ट्रक! आमचा ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमध आडवा उभा राहिला. ट्रकवाला ओरडला, “पेटणारा माल आहे, माणसं बसवायला बंदी आहे!” आमचा म्हणाला, “माझे पॅसेंजर आहेत,” आणि हिला उचलून सरळ केबिनमध्ये बसवलं, मागोमाग मला चढवलं, ट्रक दवाखान्याकडे वळवायला लावला.

दवाखान्यात नर्स भडकली. “वजन एवढं कसं वाढलं? पाणी कुणी दिलं?” ही म्हणाली, “बसनं.” नर्सनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, अलीकडे असं काही बोलतात का त्या? मशीनवर अर्धाच वेळ मिळाला. पुढचे काही दिवस ही आडवी झाली नाही, बसूनच झोपली, आणि मी समोर खुर्चीत, तिचा श्वास ऐकत.

आता बसवर हिचा फोटो लावलाय, ग्लास तोंडाला, खाली मोठ्या अक्षरांत ‘धूर नाही, फक्त पाणी’. बस डेपोत उभी असते, फोटोसकट. गॅस मात्र आता करार झालाय म्हणून येतोच, डेपोची टाकी भरलेली असली की ट्रक जसा आला तसा भरलेला परत जातो, वाटेत दवाखाना लागतो… आणि आमच्या स्टॉपवर तो जरा हळू होतो. कुणाला सांगू नका हं, ट्रकवाल्याची नोकरी जाईल. मागं नळकांड्यांत तो साहेबांचा हायड्रोजन, पुढं आम्ही दोघं, हिच्या नाकाला रुमाल. परवा धूर आत येतो म्हणून मी खिडकी लावायला गेलो तर म्हणाली, “राहू द्या हो, गाडी चालू आहे एवढं तरी कळतं.”

राहू दिली. पाणी नाही, फक्त धूर… पण वेळेवर पोचतो.