चहाचा पेला

वडील गेले त्याच्या आदल्या दिवशी नारीन शहराच्या बाजारात नान घ्यायच्या रांगेत बुरुल त्यांच्या मागे उभी होती. पुढे होता त्यांचा जुना पिण्यातला दोस्त शाकिर.

“माझ्या पोराच्या लग्नात चहाचा पेला उंचावलास, तुर्सुन! अब्रू घालवलीस!”

“बाप्तिस्मा घेतला तेव्हाच सांगितलं होतं, वोडका बंद.”

“आणि कुमिस ढोसलंस ते? घोडीचं आंबवलेलं दूधही चढतं!”

“घोडीचा बाप्तिस्मा व्हायचाय अजून. तिला माफ.”

“ढोंगी! लेकीला तरी पटलंय का?”

“कुठलं! रोज दारातच माझं तोंड हुंगते.”

बुरुल रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी शेवटचं दर्शन घ्यायला ती वाकली आणि सवयीनं तिनं हुंगलं.

“रोज चहाचाच वास यायचा, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली. “मला केव्हाच पटलं होतं.”